खाडा

"आये, महिन्याला घरात किती लागतात? अंदाजानं नको, नीट सांग."

जनू ओटीवर मांडी घालून बसला होता. पुढ्यात मोठा कागद, आणि तो वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर मस्कतहून आणलेली बामची बाटली. मी पायरीवर कुळीथ निवडत होते. सुपातली नजर वर न करता मी सांगितलं, "अठ्ठावीस हजार."

आत माझी सून संपदा भाकऱ्या थापत होती. तिच्या थापण्याचा आवाज बंद पडला.

"तवा तापलाय गो!" मी मोठ्याने म्हणाले. मग थापणं पुन्हा सुरू झालं, पण जरा जोरात.

हजाराची लाल नोट चालत होती तेव्हाची ही गोष्ट. जनू त्रेचाळीस वर्षांचा होता. सतरा वर्षं मस्कतला एका कंपनीत तो एसीच्या थंड हवेचे पत्र्याचे बोगदे बनवत होता. दर दोन वर्षांनी मे महिन्यात आंब्यांबरोबर यायचा आणि आंब्यांबरोबर संपायचा. त्या वर्षी पहिल्यांदाच कार्तिकात आला. कंपनीने पुढच्या तीन वर्षांचा करार पुढे केला होता आणि गुरुवारपर्यंत हो की नाही ते कळवायला सांगितलं होतं. तो दिवस सोमवार होता.

त्याला परत यायचं होतं. तसं तोंडाने तो काही बोलला नव्हता. पण आल्यापासून त्याने घरातली प्रत्येक गळकी बादली ठोकून नीट केली होती. परत जाणारा माणूस बादल्या नीट करत बसत नाही.

"तुला कागद कळायचा नाय," असं म्हणून तो उठला आणि सुपारीचा डबा घेऊन आला. "एक सुपारी म्हणजे एक लाख."

"मी दुसरीपर्यंत शाळेत गेलेय. मास्तरांनी कान पिरगळला म्हणून त्यांच्या हाताला चावून घरी आले, नायतर पुढेही गेले असते. मांड तुझ्या सुपाऱ्या."

त्याने ओटीवर एकोणीस सुपाऱ्या ओळीने मांडल्या. "चौदा बँकेतल्या. पाच कंपनी सोडताना मिळतील त्या." मग सहा बाजूला सारल्या. "हे राजापुरात दुकान. पत्रा वाकवायची मशीन, जागा, सामान. छपरं, पन्हळी, धान्याच्या कोठ्या, लोकांना लागेल ते करून द्यायचं." आणखी चार सारल्या. "या तनयाच्या शिक्षणाच्या." माझी नात तेव्हा आठवीत होती. आणखी दोन. "या दुखण्याखुपण्याच्या. राहिल्या किती?"

"सात."

"दुकान पहिली तीन वर्षं पोटाला काय देणार नाय, असं धरून चाललोय. ती तीन वर्षं या सातांवर काढायची. अठ्ठावीस हजारांनी सात लाख पंचवीस महिने पुरतात. पुढचे अकरा महिने काय खायचं?" त्याने डब्यातून आणखी तीन सुपाऱ्या काढून हातावर धरल्या. "तीन कमी पडतात आये. या तीन सुपाऱ्यांसाठी तीन वर्षं जायला लागेल."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी काहीतरी म्हणेन, असं त्याला वाटत असावं. अठ्ठावीसचे पंचवीस करू, बावीस करू, असं काहीतरी.

"मग कर सही," मी म्हणाले. "सतरा गेली तिथे तीन काय जड आहेत? आणि सुपाऱ्या मोजून डब्यात टाक. विकतच्या आहेत."

"विकतच्या? आणि आपलं पोफळीचं आगर?"

"आगराला पाणी कोण लावणार? तुझा बाप वर गेला आणि तू मस्कतला."

त्याने सुपाऱ्या एक एक करून डब्यात टाकल्या. कागदाची घडी घातली आणि तो मागच्या दाराला जाऊन उभा राहिला.

मी सूप घेऊन आत गेले, तर संपदा वाटच बघत होती. पंधरा वर्षं झाली होती तिला या घरात. तिने माझ्यापुढे कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशीही चढवला नाही. उलट खाली आणला, आणि तो जास्त वाईट.

"आई, अठ्ठावीस कुठले?"

"तुला काय करायचंय?"

"किराणा, दूध, वीज, गॅस, तनयाची शाळा, तुमच्या बीपीच्या गोळ्या. पिशवी मी उचलते. साडेअकराच्या वर एक रुपया जात नाही."

"आणि बाहेर जातो तो? लग्नाच्या घरी फ्रिज कुणी दिला? देवळाच्या कमानीवर कुणाचं नाव आहे? राजापूरला जायचं तर मी काय एसटीला लोंबकळत जाऊ? मस्कतवाल्याचं घर आहे हे!"

"मस्कतवाला घरी राहिला, की मस्कतवाल्याचं घर कुठे राहतं?"

उत्तर सुचलं नाही, की मी स्वयंपाकाला नावं ठेवते. "आमटीत मीठ जास्त झालंय," मी म्हणाले.

"मीठ अजून घातलंच नाही." तिने भाकरी उलटली. "मला त्यांना सांगता आलं असतं. ओटीवर यायला दोन पावलं लागली असती. पण मी सांगायची नाही. ते तुम्ही सांगायचं. गुरुवार लांब नाही."

मंगळवारी सकाळी देवळात वाडीची बैठक होती. दरवर्षी असते. पाऊस सरला, की आमची वाडी व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, बांध घालते. दगड, माती आणि पालापाचोळा रचून पाणी अडवायचं आणि पाटात चढवायचं. तोच पाट मेपर्यंत सगळ्यांच्या आगरांना पाणी पाजतो. काम चार दिवसांचं आणि घरटी एक माणूस. ज्याच्या घरातून माणूस येत नाही, त्याने पैसे भरायचे. त्याला खाडा म्हणतात. कामवाली आली नाही की पडतो, तोच खाडा.

खाडा होता तीनशे रुपये. मी हजार द्यायची. कुणी मागितले म्हणून नव्हे. नोट पुढे करायची आणि "राहू दे, सुटे नकोत" असं म्हणायचं. ते म्हणताना काय सुख वाटायचं! वर्षभर मी त्या दिवसाची वाट बघायचे.

आणखी एक नियम होता. लागोपाठ तीन वर्षं खाडा पडला, की त्या घराच्या वाटचं पाणी दुसऱ्याला जायचं. पाणी वारावर वाटलेलं; आमचं शुक्रवारचं. जनू गेल्यावर चौथ्या वर्षी ते वत्सलेच्या घराला गेलं. वत्सला माझी शेजारीण. एकाच वर्षी आम्ही दोघी या वाडीत लग्न होऊन आलो आणि तेव्हापासून भांडतोय. पाणी गेलं त्या दिवशी मी भर बैठकीत उठून म्हणाले होते, "घेऊन जा तुमचं शुक्रवारचं पाणी. आमच्या घरात पैसा नळाने येतो." लोक हसले होते. ते माझ्या बाजूने हसतायत, असं मला वाटलं होतं.

तर मंगळवारी मी चांगलं लुगडं नेसले, पाटल्या घातल्या, नोटेची घडी मुठीत घेतली आणि देवळात जाऊन पुढे बसले. आदल्या दिवसापासून संपदाचं बोलणं कानात होतं. पण बैठक ती बैठक. जनू कागद घेऊन घरीच बसला होता.

वत्सला शेजारी सरकली. "भागी, लेक आलाय म्हणे. येणार का यंदा बांधावर? की साहेबांच्या बुटाला चिखल लागेल?"

"लागला तर तुला बोलावीन पुसायला. तुझी जीभ तेवढी लांब आहे."

वाडीचे गावकर धोंडूभावजी चष्म्याला दोरा बांधून बसले होते. वाडीचं काय ते तेच ठरवतात आणि वहीही तेच लिहितात. त्यांनी जुनी वही वर धरून दाखवली. "ही वही भरली. सतरा वर्षांचं यात आहे. यंदापासून नवी. ही बांधून ठेवायच्या आधी प्रत्येकाची बेरीज वाचतो. नंतर कुणी माझ्या नावाने ओरडू नका."

एकेक घर वाचायला लागले. कुणाचे हजर पंधरा, खाडे दोन. कुणाचे चौदा, तीन. वत्सलेच्या घराचे हजर सोळा, खाडा एक.

"एक कसला?" वत्सला उसळली.

"तुझ्या नवऱ्याला विंचू चावला होता त्या सालचा. विंचवाला विचार जाऊन."

हसणं खाली बसेपर्यंत भावजी थांबले. मग त्यांनी पान उलटलं.

"जनार्दन भिकाजी मांडवकर. हजर शून्य. खाडे सतरा."

इतरांना त्यात नवं काही नव्हतं. भावजी पुढचं घर वाचायलासुद्धा लागले. मी मात्र तिथेच राहिले. सतरा. दरवर्षी एकेक ऐकताना तो मोठेपणा वाटायचा. एकदम सतरा ऐकले आणि पहिल्यांदा कळलं, की माझा मुलगा घरी नाही, हे मी सतरा वेळा पैसे मोजून लिहून घेतलं होतं. तेही सुटे परत न घेता.

सगळी घरं वाचून झाली. भावजींनी नवी वही उघडली आणि सवयीने माझ्यापुढे हात केला. "वहिनी, यंदाचा?"

मुठीतली नोट घामाने ओली झाली होती. ती मी कमरेच्या चंचीत परत ठेवली.

"यंदा खाडा नाय."

"म्हणजे जनू येणार?"

"जनूचं मला माहीत नाय. आमच्या घरातून माणूस येईल. मी."

"अहो, बाप्या माणूस लागतो तिथे. दगड उचलायचे असतात."

"बाप्या, असं कुठे लिहिलंय? वाचा."

भावजींनी खरंच जुनी वही परत उघडली आणि पहिल्या पानावर बोट ठेवलं. "घरटी एक माणूस, एवढंच लिहिलंय."

"मग? मी माणूस नाय?"

"त्यावर वाडीत दोन मतं आहेत, वहिनी."

देवळाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली, एवढे लोक हसले. मीसुद्धा हसले. मग म्हणाले, "आणि आमचं शुक्रवारचं पाणी परत हवंय."

हसणं थांबलं. सगळे वत्सलेकडे बघायला लागले. भावजींनी चष्मा कपाळावर चढवला. "माणूस पाठवलात तर नियमाने मिळतं. पण परत घेतल्यावर तीन वर्षांत एक जरी खाडा पडला, तर कायमचं जातं. तीन वर्षं, वहिनी. तुमचं वय आता पासष्ट."

"मोजायला नाय सांगितलं."

"आणि पैसा येतो ना तुझ्या घरात नळाने?" वत्सला म्हणाली. चौदा वर्षं तिने ते वाक्य जपून ठेवलं होतं.

मी उठून उभी राहिले. आयुष्यात मी सासूपुढे, नवऱ्यापुढे, एकदा तर मामलेदारापुढेसुद्धा हे शब्द बोलले नव्हते. "ते मी बोलले, ते चुकले."

"काय म्हणालीस? मागच्यांना ऐकू आलं नाय."

तिच्या झिंज्या उपटाव्यात, असं वाटलं. पण मी मागे वळले आणि शेवटच्या खांबापर्यंत जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाले, "मी चुकले!"

वत्सलेने पदराने तोंड पुसलं. "घे तुझा शुक्रवार. नायतरी दोन वारांचं पाणी पिऊन माझ्या पोफळी पिवळ्या पडल्यात."

घरी आले तर जनू ओटीवर फोन घेऊन बसला होता. कंपनीला पाठवायचं उत्तर त्याने लिहून ठेवलं होतं. नुसतं बोट लावायचं बाकी होतं. मी खाली बसले नाही. बसले असते तर बोलले नसते.

"जनू, अठ्ठावीस नाय. साडेअकरा."

"काय साडेअकरा?"

"घरात लागतात ते."

संपदा दारात येऊन उभी राहिली. जनूने एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. "कधीपासून?"

"पहिल्यापासून खोटंच सांगत आलेय. तुझं दुसरं वर्ष आठवतंय? बाजारातल्या दुकानात तुझा फोन यायचा. त्या दिवशी तू रडलास. म्हणालास, आये, जमत नाय, मी येतो. मागे वाण्यासकट चार माणसं उभी होती. वरच्या वाडीतला एक पोरगा नुकताच सहा महिन्यांत परत आला होता. त्याला सगळे 'रिटर्न तिकीट' म्हणत होते. मला तुझं तसं व्हायला नको होतं. म्हणून मी म्हणाले, घरात फार लागतात रे, राहा. तू विचारलंस किती, तर मी जे होते त्याच्या दुप्पट सांगितले."

"आणि मी राहिलो."

"राहिलास. पुढे तू विचारत गेलास, मी वाढवत गेले. आणि एकदा एवढे लागतात म्हटल्यावर तेवढे जायला नकोत? खोटा आकडा खरा करायला मला खर्च करावा लागला. शेत पड टाकलं, म्हैस विकली, तांदूळ विकत, सुपारी विकत. लोकांना फ्रिज वाटले."

जनूने डबा ओढला, सात सुपाऱ्या काढल्या आणि ओटीवर ठेवल्या. ओठ हलवून मनातल्या मनात भागाकार केला.

"साठ महिने," तो म्हणाला. "पाच वर्षं पुरतात."

मला वाटलं, आता हसेल. पण त्याचा आवाज त्या बाजारातल्या फोनवरच्यासारखा झाला. "मला तेव्हाच यायचं होतं, आये."

तो उठला, चपला पायात सरकवल्या आणि मागच्या दाराने निघून गेला. फोन सोबत नेला.

मी खांबाला टेकून बसले. रागाच्या भरात त्याने ते बोट लावलं तर? त्याचा हक्क होता. मी त्याला खोटं सांगून सतरा वर्षं लांब ठेवला होता. आता खऱ्यावर चिडून तो तीन वर्षं गेला, तर कुठल्या तोंडाने अडवणार?

"पान वाढू का?" संपदाने विचारलं.

"त्याला येऊ दे."

"ते येतील तेव्हा येतील. तुम्ही जेवून घ्या. उद्या घमेली उचलायचीत." मग जरा थांबून म्हणाली, "आमटीत मीठ घातलंय आज."

संध्याकाळी तो आला. गुडघ्यापर्यंत चिखल होता. कुठे होतास, असं मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. जेवताना मात्र एकदाच बोलला, "मागच्या गोठ्यात पत्रे पडलेत, ते कशाला आणलेस?"

"दारावर मांडव घालायचा होता. गेटाला शोभा यावी म्हणून."

"हं," म्हणाला आणि भात कालवला.

बुधवारी उजाडता मी बांधावर पोचले. जुनं लुगडं, डोक्याला फडका. पाटल्या घरी. बापे रांगेने उभे होते. दगड हातोहात जायचे आणि माती घमेल्यातून. पहिल्या दहा घमेल्यांत माझी कंबर बोलायला लागली. पंचविसाव्याला तर ती शिव्या द्यायला लागली. माझ्या पुढे वत्सला होती; मी येणार म्हणून यंदा तिच्या घरातून तीच आली होती. ती मुद्दाम अर्धंच भरलेलं घमेलं माझ्या हातात देत होती.

"भर की नीट! मी काय पाहुणी आहे?"

"गप गो. मेलीस तर तुझ्या तेराव्याला पुन्हा खाडा पाडावा लागेल मला."

जनू घरून निघालेला मी बघितला नव्हता. मी निघाले तेव्हा तो गोठ्यात होता. ऊन वर आलं तशी ठोकण्याचा आवाज यायला लागला. लाकडी हातोडीचा आवाज, एका लयीत. सगळ्यांनी माना वळवल्या.

आमचा पाट थोडं गेल्यावर एका घळीवरून जातो. तिथे मातीचा पाट टिकत नाही, म्हणून दरवर्षी पोफळीचं खोड मधून पोखरून त्याची पन्हळ टाकतात. दोन महिन्यांत ती कुजते. घळीत पाणी ठिबकत राहतं. ठिबकत कसलं, ओततच राहतं. निम्मं पाणी तिथेच जायचं. शंभर वर्षं जात असेल. पाणी म्हटलं की थोडं गळणार, असं सगळेच धरून चालले होते.

दुपारी जनू आणि दोन गडी खांद्यावरून पत्र्याची लांबलचक पन्हळ घेऊन आले. गोठ्यातले माझ्या शोभेचे पत्रे होते ते. त्यांच्या कडा एकमेकींत दुमडून, ठोकून त्याने त्या अशा बसवल्या होत्या, की सांधा शोधावा लागत होता.

"डाग नाय दिलास जोडाला?" धोंडूभावजींनी वाकून बघितलं. "गळेल रे."

"मस्कतला यातून वारा जातो, काका. वारा गळला तर साहेब पगार कापतो. हे तर पाणी."

पन्हळ घळीवर ठेवली. बांध अजून अर्धाच होता, म्हणून वरून कळश्या ओतल्या. पाणी झर्रकन पलीकडे गेलं. खाली घळीत एक पांढरा दगड आहे. त्यावर शेवाळ असतं आणि तो कधी वाळत नाही. सगळे त्या दगडाकडे बघत होते. आणखी चार कळश्या ओतल्या. आणखी दहा. दगडावर एक थेंब पडला नाही. वत्सलेने खाली उतरून पन्हळीखाली हात धरला आणि कोरडा हात सगळ्यांना दाखवला.

"काल दुपारभर इथेच बसला होतास का रे?" मी हळूच विचारलं.

"माप घेत होतो," जनू म्हणाला. माझ्याकडे न बघता.

भावजींनी घसा खाकरला. "जनू, याचे किती द्यायचे?"

जनूने माझ्याकडे बघितलं. तोंड उघडल्याशिवाय मला कधी राहवलंय?

"याचे काही नाय. पत्रे घरचे आहेत. पण वरच्या वाडीचा पाटही असाच गळतो ना? त्यांना सांगा, पैसे मोजून मिळेल. राजापुरात दुकान निघतंय."

"आये, अजून मी—"

"माहीताय मला. गुरुवार उद्या आहे."

भावजी दगडावर बसले आणि मांडीवर नवी वही उघडली. पहिलं पान, कोरं करकरीत. "मांडवकरांच्या घरातून आज दोन माणसं. नियमाने एकच लिहायचं. कुणाचं लिहू?"

जनू व्हाळात हात धूत होता. तळहातांना फोड आले होते. त्याने हात झटकले. लुगड्यावर चिखल, डोक्यावर फडका आणि कमरेवर हात देऊन उभी असलेली मी, हे सगळं त्याने वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. कितीतरी दिवसांनी तो हसला.

"आज आयेचं लिहा," तो म्हणाला. "उद्यापासून माझं."

भावजींचं पेन थांबलं. वत्सलेने माझ्या दंडाला चिमटा काढला. मीही तिला उलट चिमटा काढला.

गुरुवारी सकाळी त्याने कंपनीला कळवलं. काय कळवलं ते त्याने संपदाला वाचून दाखवलं. ती 'बरं' म्हणाली आणि आत जाऊन चहात दोनदा साखर घातली. तो टिकाव शोधायला लागला. मी चंचीतली नोट काढून त्याच्यापुढे धरली.

"हा इसार. मला एक कोठी करून दे. सुपारीची. दोन मण मावेल एवढी."

"दोन मण? आगरात पोफळी किती जिवंत आहेत ते बघितलंस?"

"उद्या शुक्रवार आहे. बांध झाला, की पुढच्या शुक्रवारपासून पाणी लागेल. तू कोठी कर, भरायचं मी बघते. आणि पावती दे."

तो हसला. सोमवारचा तो कागद घडी उलगडून त्याने पालथा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर माझं नाव लिहिलं, हजार लिहिले, सही केली. मग नोट उन्हात धरून बघितली. दोन दिवस चंचीत राहून ती मऊ झाली होती.

"साडेअकरातून हजार कसे वाचले गो तुझे?"

"खाड्याचे आहेत," मी म्हणाले. "यंदा पडला नाय."